स्प्लेंडरचा चोरस्विच : कामाच्या नोंदी

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

भाऊबिजेच्या दुसऱ्याच रात्री शेजारच्या वस्तीवरची गाडी गेली. रात्रीची लाईट होती, मोटार चालू करायला माणूस विहिरीवर गेला, तासाभरानं परत येतो तर रस्त्यावर नुसतं स्टँडचं भोक. सप्टेंबरच्या पावसात आमच्या ओढ्यावरचा भराव पाईपांसकट वाहून गेला. तेव्हापासून गाडी कुणाचीच रानात जात नाही. डांबरीच्या कडेला लावायची आणि पाऊण किलोमीटर अंधारात चालायचं.

आमची २००४ ची स्प्लेंडर, एमएच-२४. पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर दोनदा नूतनीकरण झालं, यंदा एचएसआरपीची, म्हणजे नव्या सुरक्षा नंबरची, पाटीही बसली. म्हणजे कागदोपत्री गाडी ठणठणीत. लॉकचं मात्र असं, की स्प्लेंडरची कोणतीही झिजलेली चावी त्यात जाते आणि फिरते. आमची चावी चालत्या गाडीतून निघून खिशात ठेवता येते. हँडल लॉक तर मी वापरलेलंच आठवत नाही. विमा थर्ड पार्टी, त्यात चोरी येत नाही. गेली म्हणजे गेली.

अप्पा रानात जाताना प्लगची कॅप उपटून ठेवतात. पण लोंबकळणारी कॅप बॅटरीच्या उजेडात लगेच दिसते. पेट्रोलचा टॅप बंद करून जायची जुनी रीत आहे. त्यात कार्ब्युरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलवर गाडी काही अंतर जाते आणि मग बंद पडते. तोवर ती आपल्या नजरेआड. साखळी आणली होती, ती गंजून आता गोठ्यात आहे.

माझं दुकान मोटार वाइंडिंगचं. लोकांच्या स्टार्टर पॅनेलात दिवसभर हात असतो आणि स्वतःच्या गाडीला एक बटण नाही, हे बायकोनं दोनदा ऐकवलं.

२८ ऑक्टोबर

दुकान बंद केल्यावर टाकी-सीट उतरवली. मीटर घेऊन बसलो.

मोटारीची सवय असलेल्या माणसाला इथं पहिला धक्का बसतो. आपल्या डोक्यात स्विच म्हणजे जोडला की चालू, तोडला की बंद. या गाडीत उलटं आहे. सीडीआयला, म्हणजे प्लगला स्पार्क देणाऱ्या डबीला, लागणारी वीज मॅग्नेटोच्या (इंजिन फिरलं की वीज करतो तो) कॉइलमधून येते, काळ्यावर लाल रेघेच्या वायरनं. बॅटरी काढून ठेवली तरी किकवर गाडी चालू होते. चावी बंद केली की लॉक काळ्यावर पांढऱ्या रेघेची वायर हिरव्या वायरला, म्हणजे अर्थला, टेकवतं आणि स्पार्क मरतो. चावी चालू केली की ती वायर सुटते.

मीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो) ठेवून खात्री केली. चावी बंद: पीं. चालू: गप्प.

म्हणजे लॉकच्या वायरींचा कपलर कुणी उपटला, तर गाडीच्या दृष्टीनं चावी चालूच आहे. एकवीस वर्षं मी चावी काढून निर्धास्त झोपत होतो.

मग सरळ आहे. पांढऱ्या रेघेच्या वायरला लॉकपाशी नाही, सीडीआयजवळ फाटा काढायचा आणि तो एका लपवलेल्या स्विचमधून अर्थला न्यायचा. पुढं कुणी लॉकच्या वायरी उपटल्या तरी मागून वायर अर्थलाच टेकलेली राहील. किका मारून पिंडऱ्या भरून येतील, स्पार्क येणार नाही.

एक चूक आजच केली. गाडी चालू ठेवून तीच वायर उघडी धरली. मनगटापर्यंत झणका बसला. बारा व्होल्टचा विचार इथं चालत नाही, म्हणजे स्विचही खेळण्यातला चालणार नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

धाकटा भाऊ पुण्याहून आलेला, परत जायच्या आधी वाद घालून गेला. त्याचं म्हणणं, फाटा-बिटा नको, लाल रेघेची वायर तोड आणि मधे स्विच टाक. वीजच आली नाही तर प्रश्नच मिटला. चोराला अर्थची वायर तोडता येते, मधे घातलेला स्विच शोधावा लागतो.

बरोबर आहे त्याचं. पण मधे घातलेल्या स्विचचा संपर्क ढिला झाला, तर गाडी चालता चालता बंद पडणार. आता कारखाने सुरू होतील, रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, अर्ध्यांना मागचा लाल दिवा नाही. तिथं गाडी मधेच मेली तर चोर परवडला. अर्थच्या फाट्यात वायर तुटली तर राखण जाते, गाडी चालत राहते. मी फाट्याच्या बाजूनं.

तो म्हणाला, "मग चोरानं सीटखाली हात घालून फाटा तोडला तर?" मी म्हटलं, तेवढा वेळ आणि तेवढं डोकं असलेला चोर आपली स्प्लेंडर कशाला नेतोय.

५ नोव्हेंबर

पहिला प्रयोग: मॅग्नेटचा स्विच. दुकानांच्या शटरला अलार्मसाठी असतो तसा रीड. मी घेतला तो मॅग्नेट जवळ आला की सुटणारा. कल्पना अशी: रीड साईड पॅनलच्या आतून चिकटवायचा, बाहेर काहीच दिसत नाही. पॅनलला बाहेरून मॅग्नेट लावला की अर्थ सुटतो, गाडी चालू. उतरताना मॅग्नेट खिशात.

दिसायला इतकं देखणं काम झालं, की दुकानात आलेल्या दोघांना करून दाखवलं. (ही दुसरी चूक. राखणीची वस्तू दाखवायची नसते. दोघांनी अजून कुणाकुणाला सांगितलं देव जाणे.)

९ नोव्हेंबर, रविवार

मॅग्नेटचं प्रकरण संपलं.

रेणापूरकडून येताना गतिरोधकावर गाडी आदळली, मॅग्नेट उडाला आणि इंजिन जागच्या जागी गप्प. मागं आई बसलेली. हळू होतो म्हणून निभावलं. रस्त्याच्या कडेच्या गवतात मॅग्नेट शोधायला मोबाईलची बॅटरी लावून वीस मिनिटं गेली. सापडला तो गाडीच्याच स्टँडला चिकटलेला.

मॅग्नेट लावला, तरी गाडी चालू होईना. आईला एका टमटममध्ये बसवून दिलं, फाटा कापला आणि घर गाठलं. घरी मीटर लावला तर मॅग्नेट जवळ असो नसो, पीं वाजतंच आहे. आतल्या केसाएवढ्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या. शटरच्या अलार्मसाठीच्या वस्तूला मॅग्नेटोची वीज झेपली नाही.

गाडी चालवण्यासाठी काहीतरी सतत जागेवर टिकून राहावं लागतं, असा कोणताही उपाय आता नको.

१२ नोव्हेंबर

मधले दोन दिवस अप्पांची युक्ती करून पाहिली. हँडलवर एक जुनं बटण आहे, मी कॉलेजात असताना निळ्या लाईटच्या पट्टीसाठी बसवलेलं. पट्टी कधीच गेली, बटण राहिलं. अप्पा म्हणाले, "ते मेलेलं बटण हाय हे समद्यांना ठावं हाय. त्यालाच जोड की. कोण हात लावतंय?"

मला पटलं. जोडलं. दोन दिवस मजेत गेले.

आज लेकीला शाळेत सोडताना ती टाकीवर पुढं बसली होती. तिनं हात लावला.

बटण काढलं. भोकावर टेप. कोण हात लावतंय, याचं उत्तर आमच्या घरात सहा वर्षांचं आहे, हे अप्पाही विसरले आणि मीही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज नीट काम. सकाळी नऊला बसलो, दुपारच्या जेवणाला उठलो.

स्विच: जाड पितळी पायांचा टॉगल, वर रबरी टोपी. आमच्या पॅनेलांत वापरतो तोच, २५० व्होल्टचा. टोपी पाहिजेच, वॉशिंगवाला प्रेशरचा पाईप सीटखाली घालतो, पाणी संपर्कात गेलं की वीज थोडी थोडी अर्थला गळते आणि गाडी मिसिंग करते. मग आपण प्लग बदलतो, कार्ब्युरेटर खोलतो, आणि दोष भलत्याच ठिकाणी.

वायर: मूळ हार्नेसमधली, म्हणजे गाडीच्या वायरींच्या जुडग्यातली, निघालेली जुनी, काळीच. दुकानात झगझगीत लाल-पिवळी भरपूर होती. ती घातली असती तर पॅनल उघडणाऱ्याला बोट दाखवून सांगितल्यासारखं झालं असतं. भंगारातल्या हार्नेसची वायर धुळीनं माखलेली असते, तिच्यावर आणखी थोडं ऑइल चोळलं. आता ती गाडीइतकीच एकवीस वर्षांची दिसते.

फाटा: पांढऱ्या रेघेच्या वायरचं कव्हर नखाएवढं सोललं, तार तोडली नाही. नवी तार तिच्यावर पाच-सहा वेढे, मग कथील. कथील गोळा होऊन बसलं तर जोड कच्चा. ते तारेच्या पाकळ्यांत पाण्यासारखं शिरलं पाहिजे आणि वरून तारेचा पीळ दिसला पाहिजे. पहिला जोड असा झाला नाही, उपटून परत केला. वरून स्लीव्ह, मग मूळ हार्नेसला असते तशी विनागोंदाची टेप गुंडाळली. चमकणारी पीव्हीसी टेप नाही.

अर्थ: इंजिनाचा नाही, फ्रेमचा बोल्ट. रंग खरवडून लखलखीत केला, थिंबल (वायरच्या टोकाचं कडं) लावलं, वरून ग्रीस. आमच्याकडच्या निम्म्या मोटारींचे रोग अर्थच्या गंजात असतात, गाडीत वेगळं काय असणार.

जागा: टाकीच्या मागच्या टोकाखाली, डाव्या बाजूला. बसल्या बसल्या बोटानं सापडते, वाकून पाहिलं तरी दिसत नाही.

परीक्षा: स्विच दाबून लॉकचा कपलर काढला. वीस किका. काही नाही. कपलर लावला, स्विच सोडला, दुसऱ्या किकला चालू. अप्पांनी ओट्यावरून मान हलवली, म्हणजे पसंत.

१८ नोव्हेंबर

बाजारात भाजी घेऊन आलो. किक मारली, मारली, मारली. चोक दिला. परत मारली. प्लग काढला, पेट्रोलनं ओला. पुसून लावला, परत मारली. शेजारच्या पेरूवाल्यानं गाडी वाकवून बघायचा सल्ला दिला. एक पोरगा म्हणाला, काका ढकलू का. ढकलली. घामाघूम.

मग आठवलं.

आता पेरूवाल्यासमोर टाकीखाली बोट कसं घालायचं? वाकलो, पायजम्याची नाडी बांधल्यासारखं केलं आणि स्विच सोडला. ओल्या प्लगमुळं तरीही दहा किका लागल्या. पेरूवाला म्हणाला, "बघा, वाकवल्यावर झाली का नाही."

२७ नोव्हेंबर

फाट्याच्या बाजूनं मी इतका वाद घातला होता, त्याची आज फेड झाली.

रात्री साडेआठ. मोटार चालू करून परत येत होतो. खड्डा चुकवला, दुसऱ्यात गेलो, गाडीनं दोन आचके दिले आणि बंद. आधी वाटलं रिझर्व्हला आली. टॅप फिरवला. एक किक, चालू. शंभर पावलं गेलो, परत आचके, परत बंद. मागून उसाची ट्रॉली येत होती. तिच्या टेपवरची गाणी आधी आली आणि मग दिवे. गाडी कडेला ओढून बाभळीला टेकलो.

स्विच पाहिला, सुटलेलाच. म्हणजे राखण बंद आहे आणि तरी वायर कुठंतरी अर्थला टेकते आहे. हेच मी भावाला सांगताना सोडलं होतं. मी म्हणालो होतो वायर तुटली तर गाडी चालेल. तुटायची कशाला, नुसती घासली आणि उघडी पडून फ्रेमला लागली तरी पुरे, कारण माझ्या पद्धतीत सगळी फ्रेमच म्हणजे बंद बटण. मधे घातलेला स्विच ढिला होऊन मारतो, माझा फाटा घासून मारतो. मरण दोन्हीकडं सारखंच.

सीट काढून मोबाईलच्या उजेडात बोटानं वायर चाचपत गेलो. टाकीच्या रबराशेजारी फ्रेमला एक पत्र्याचा कान आहे, तिथं कव्हर अर्ध्या डाळीएवढं घासलेलं. आत तांबं चकाकत होतं. अकरा दिवसांत एवढं. ते उघडं तांबं खड्ड्यासरशी पत्र्याला चाटत होतं. रुमालाची चिंधी गुंडाळून घरी आलो.

भावाला फोन केला. तो फक्त "हं" म्हणाला.

३० नोव्हेंबर, रविवार

सगळं उतरवलं, परत बांधलं. दोन गोष्टी बदलल्या.

पहिली, वायरचा रस्ता. पूर्ण लांबीवर जाड स्लीव्ह आणि जिथं हार्नेस जातो तिथूनच, त्याच क्लिपांतून. कंपनीनं वायर वाकडी-तिकडी नेली असेल तर त्याला कारण असतं. मी सरळ जवळचा रस्ता काढला होता.

दुसरी, फाट्यात जोडाच्या जवळच एक बुलेट कनेक्टर. पुढं कधी रस्त्यात असं झालं तर सीट काढून तो ओढायचा, फाटा सुटला, गाडी मूळची होती तशी. पहिल्याच दिवशी हे करायला हवं होतं. पॅनेलात आपण बायपास ठेवतोच ना.

एवढं उघडलंच आहे तर स्विचची जागाही बदलली. टाकीखाली बोट घालताना मला बाजारात चारजणांनी पाहिलं आहे. नवी जागा लिहीत नाही. या नोंदी दुकानाच्या वहीत आहेत आणि दुकानात बसणारा प्रत्येक जण ती वही चाळतो. एवढंच लिहितो की तिथं जाणारा हात गाडीवर चढताना तसाही तिथं जातो.

खर्च: टॉगल, टोपी, कनेक्टर, थिंबल, स्लीव्ह मिळून दीडशेच्या आत. वाया गेलेला रीड वेगळा.

७ डिसेंबर, रविवार

कुणाला सांगायचं, यावर घरात बैठक झाली. गाडी चालवणारे चौघे: मी, अप्पा, बायको आणि सुट्टीत भाऊ. बायकोला दाखवलं, तिनं एकदा केलं आणि झालं. अप्पांना जागा पटली, पण ते अजून प्लगची कॅपही काढतात. दोन्ही कशाला म्हटलं तर म्हणाले, "तुझं तू कर, माझं मी करतो." परवा त्यांनी कॅप काढलेली मला माहीत नव्हतं आणि मी स्विच सोडून किका मारत बसलो.

दाजींना सांगायचं नाही असं ठरलं. माणूस चांगला आहे, पण चहाच्या टपरीवर त्यांच्या पोटात काही राहत नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. भल्या पहाटेपासून घरात भज्जी, उंडे, आंबील. गाव रिकामं, सगळं रानात. ओढ्याच्या अलीकडं डांबरीवर गाड्यांची रांग लागली, मोजल्या तर सतरा, त्यात अकरा स्प्लेंडर, त्यातल्या आठ काळ्या. आमची बाभळीखाली लावली, स्विच दाबला, चावी खिशात. अप्पा आज बैलगाडीतून आले, त्यामुळं कॅप जागेवर.

दिवस कडब्याच्या कोपीपाशी पूजा, जेवण, पाहुणे यांत गेला. संध्याकाळी परत आलो तर गाडी जागेवर नव्हती. काळजात धस्स झालं. मग दिसली, वीस पावलं पुढं, साईड स्टँडवर, रस्त्याकडं तोंड करून. किकचा दांडा बाहेर काढलेला. चोक वर. प्लग काढून पाहिला, पेट्रोल ठिबकत होतं.

बराच वेळ तसाच उभा राहिलो. लॉक बघितलं, ओरखडा नाही. हेडलाईट उघडून पाहिला, वायरी जागेवर. म्हणजे चावीनं उघडली. चावी तर दिवसभर माझ्या खिशात.

प्लग पुसला, स्विच सोडला, सातव्या किकला चालू. घरी कुणाला बोललो नाही.

२२ डिसेंबर

सकाळी टपरीवर. पलीकडच्या शिवारातले एक काका दाजींना सांगत होते: येळवशीला गावात दही आणायला निघालो, गाडीला चावी लावली, ढकलत रस्त्यावर आणली, अर्धा तास किका मारल्या, चालूच होईना. पोराला बोलावलं, त्यानंही मारल्या. शेवटी पोरगं म्हणालं, बाबा, ही आपली गाडीच न्हाई, आपली तिकडं लावलीय.

सगळी टपरी हसली. काकांनी माझ्याकडं वळून विचारलं, "कुणाची होती काय की, पण लई बेकार ठेवलीय बघ गाडी. तुझं वायरिंगचं दुकान हाय, अर्धा तास किका मारून स्प्लेंडर चालू होत नाही म्हणजे काय असंल?"

दाजी माझ्याकडं बघत होते.

मी म्हटलं, थंडीमुळं होतं असं कधी कधी.